वड हलवला, पुढची तीन वर्षे कोणाची?

हैदराबादहून विजापूरच्या दिशेने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, चेवेल्ला मंडलातील मिर्झागुडाजवळ ३ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी खडीने भरलेला टिपर राज्य परिवहनाच्या बसवर आदळला. किमान १९ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले कित्येक बसमध्ये कोसळलेल्या खडीखाली गाडले गेले. मृतांची ओळख पटवण्याचे काम सुरू असतानाच आरोपांनाही सुरुवात झाली. हा रस्ता अजून रुंद का झाला नाही, या प्रश्नाचे एक उत्तर समाजमाध्यमांवर तयारच होते : रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले वड आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलेले वृक्षप्रेमी.

पोलीस अकादमीच्या चौकापासून मन्नेगुडापर्यंतच्या सुमारे ४६ किलोमीटरच्या या पट्ट्यात नऊशेच्या आसपास वड आहेत. निजामाच्या राजवटीत वाटसरूंना सावली मिळावी म्हणून ते लावले गेले. रुंदीकरणाचा वाद काही वर्षे लवादाच्या दक्षिण खंडपीठापुढे चालला आणि अपघाताच्या थोडे आधीच त्यावर तोडगा निघाला : बहुसंख्य वड जागच्या जागी राखायचे, त्यासाठी आखणी बदलायची, आणि जे अगदीच आड येतील त्यांचे पुनर्रोपण करायचे. रस्ता हवा असलेल्यांना रस्ता मिळाला, झाडे हवी असलेल्यांना झाडे मिळाली. कागदावर कोणीच हरले नाही.

‘पुनर्रोपण’ या एका शब्दाने असे अनेक वाद मिटतात. मंत्र्यांना तो सोयीचा वाटतो, ठेकेदाराला त्याचे देयक काढता येते, न्यायालयाला त्यात मध्यममार्ग दिसतो आणि नागरिकाच्या मनाची टोचणीही कमी होते. गोव्यातही पर्वरीच्या उन्नत महामार्गाच्या कामात खाप्रेश्वराच्या जुन्या वडाच्या वेळी हेच घडले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, देवस्थान हलवताना लोक आणि पोलीस समोरासमोर आले, आणि अखेर २०२५ च्या आरंभीच्या महिन्यांत वडही हलवला गेला. मात्र हा शब्द उच्चारल्यानंतर जे काम सुरू होते, ते कोण करतो, किती दिवस करतो आणि त्याला त्याचे काय मिळते, हा प्रश्न चेवेल्लाच्या वादात जसा बाजूला राहिला तसाच पर्वरीच्या वादातही. झाडांचे भवितव्य मात्र नेमके त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

क्रेन काही तासांची, काम काही वर्षांचे

झाड हलवणे हे वाहतुकीचे काम वाटते, कारण वृत्तपत्रात छापल्या जाणाऱ्या छायाचित्रात क्रेन दिसते. प्रत्यक्षात क्रेनचा भाग काही तासांत आटोपतो. जाणकार पथकाचे काम त्याच्या कितीतरी आधी, झाडाभोवती एक शांत फेरी मारण्यापासून सुरू होते. खोड पोकळ आहे का, सालीखाली कीड आहे का, झाड कोणत्या बाजूला कलले आहे, मुळांखालून जलवाहिनी किंवा केबल गेली आहे का, वर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत, ढोलीत घरटी आहेत का, हे सगळे पाहून पहिला निर्णय घ्यावा लागतो : हे झाड हलवण्याजोगे आहे की नाही.

सगळी झाडे हा प्रवास सारख्याच तयारीने करीत नाहीत. वड, पिंपळ, उंबर या एकाच कुळातील वृक्षांना तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे फोडण्याची मोठी ताकद असते. चिंच, मोह, कडुनिंब यांची मुळे खोल जातात आणि तोडली की झाडाला सावरणे जड जाते. म्हणूनच हैदराबादच्या रस्त्यांवर वडाला जी आशा असते, ती त्याच्या शेजारच्या चिंचेला असेलच असे नाही. निविदेत मात्र दोघांचाही उल्लेख ‘एक झाड’ असाच होतो.

खरी पद्धत अशी की, हलवण्याच्या काही महिने आधी झाडाभोवती टप्प्याटप्प्याने चर खणायचा. आधी अर्धा घेर, मग काही काळाने उरलेला. तुटलेल्या मुळांना दरम्यान बारीक तंतुमुळे फुटतात आणि झाड उचलताना तीच त्याच्याबरोबर जातात. पाणी शोषण्याचे खरे काम या तंतुमुळांचे. रस्त्याच्या कामात एवढी सवड क्वचितच मिळते. झाडांचा निर्णय होतो तेव्हा यंत्रे दाराशी उभी असतात, आणि महिन्यांचे काम दिवसांवर येते.

मग गणित येते. उद्यानविद्येतील ठोकताळा सांगतो की, खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहा पट व्यासाचा मातीसह मुळांचा गड्डा घ्यावा. खोडाचा व्यास एक मीटर असेल तर गड्डा आठ मीटरांचा हवा. एवढा गड्डा कोणत्याही रस्त्यावरून नेता येणार नाही. म्हणून तडजोड होते. चार मीटर व्यासाचा, दीड मीटर खोल गड्डा घेतला तरी ती सुमारे १९ घनमीटर माती भरते. घनमीटरला पावणेदोन टन धरले तर एकट्या मातीचेच वजन ३० टनांपलीकडे जाते. झाड जेवढे जुने तेवढी त्याची मुळे अधिक मागे राहतात. ज्या वडाच्या वयामुळे तो वाचवावासा वाटतो, त्याच वयामुळे तो वाचवणे कठीण होते.

मुळे कमी झाली म्हणून फांद्याही कमी कराव्या लागतात. एरवी पानांतून उडणारे पाणी उरलेल्या मुळांना पुरवता येत नाही. कापलेल्या भागांवर ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप दिला जातो, गड्डा ओल्या गोणपाटाने गुंडाळून दोरीने आवळला जातो. क्रेनचा पट्टा खोडाला जिथे बसतो तिथे जाड गादी लावावी लागते. हे साधे वाटणारे काम सर्वांत जोखमीचे. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या लगतच्या थरातून मुळांकडे जाते. पट्ट्याने सभोवार साल सोलली गेली, तर झाड उभे राहूनही आतून उपाशी मरते. प्रवास बहुधा रात्री होतो. वाहतूक कमी असते, ऊन नसते आणि वीज कंपनीला तारा उचलण्यासाठी किंवा पुरवठा थांबवण्यासाठी वेळ मिळतो. पहाटेपर्यंत नव्या खड्ड्यात झाड उतरवायचे, पूर्वी जेवढे मातीत होते तेवढेच ठेवायचे, चिखल ओतून मुळांभोवतीच्या हवेच्या पोकळ्या बुजवायच्या, टेकू द्यायचे.

इथे छायाचित्रकार घरी जातो आणि खरी राखण सुरू होते.

पहिली पालवी फसवते

हलवलेल्या वडाच्या बोडक्या खोडावर काही आठवड्यांत लालसर कोंब दिसू लागतात. ‘वडाला नवजीवन’ असे मथळे याच टप्प्यावर येतात. झाडांची निगा राखणारा अनुभवी माणूस मात्र या कोंबांवर लगेच विश्वास टाकत नाही. मोठ्या खोडात साठवलेले अन्न बरेच असते आणि मुळे रुजली नसतानाही त्या साठ्यावर पालवी फुटू शकते. साठा संपेपर्यंत नवी मुळे तयार झाली तर झाड जगले; नाहीतर हेच कोंब पुढच्या उन्हाळ्यात काळवंडतात. परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होत नाही, ती दुसऱ्या उन्हाळ्यात होते.

या काळातले रोजचे काम नीरस, आणि म्हणूनच दुर्लक्षित असते. सकाळी टँकर येईल की नाही याची चौकशी करायची. माती हाताने उकरून ओल पाहायची, कारण पाणी कमी पडले तर झाड वाळते आणि जास्त झाले तर मुळे कुजतात. टेकू सैल झालेत का, दोरी सालीत रुतते आहे का, खोडाला पोखरणाऱ्या किड्याचा भुसा बुंध्याशी पडला आहे का, कोणी पालापाचोळ्याबरोबर कचरा पेटवला आहे का, गुरांनी कोंब खाल्ले का, हे पाहायचे. जास्तीचे कोंब खुडून मोजकेच वाढू द्यायचे. अशा नोंदींची वही ठेवली तर दोन वर्षांनी कळते की, झाड का जगले किंवा का मेले. वही नसेल तर फक्त खोड उरते.

या कामाचा हिशेब न ठेवल्यास काय होते, ते दिल्लीने दाखवले आहे. तेथील सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वृक्ष पुनर्रोपण धोरण आणले. प्रकल्पात आड येणाऱ्या झाडांपैकी किमान ८० टक्के झाडे हलवावीत आणि त्यांपैकी ८० टक्के एका वर्षानंतर जिवंत असावीत, अशी त्यात अट होती. मात्र २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत पुनर्रोपण केलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली होती. म्हणजे तीनांतले एक. धोरणात टक्केवारी लिहून झाड जगत नाही. रोज सकाळी तिथे जाणारा माणूस असेल, तर ते जगण्याची शक्यता असते.

हिरव्या शहराचे दोन हिशेब

हैदराबादला झाडांचे ऋण ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे वाहून गेली, तेव्हा अफझलगंज भागातील एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचवले, असे सांगितले जाते. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील त्या चिंचेपाशी आजही दरवर्षी लोक जमतात.

अलीकडच्या काळात या शहराने हिरवाईत नाव मिळवले. तेलंगणा सरकारने २०१५ मध्ये राज्यातील वृक्षाच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर नेण्याच्या उद्देशाने ‘हरित हारम’ मोहीम सुरू केली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार हैदराबादचे वनाच्छादन २०११ मधील ३३.१५ चौरस किलोमीटरवरून ८१.८१ चौरस किलोमीटरवर गेले. २०२२ मध्ये शहराला दक्षिण कोरियातील जेजू येथे ‘वर्ल्ड ग्रीन सिटी’ हा जागतिक पुरस्कार मिळाला. या यशात रोपवाटिकांत पिशव्या भरणाऱ्या बायकांपासून दुभाजकांना पाणी घालणाऱ्या टँकरचालकापर्यंत हजारोंचे श्रम आहेत.

याच शहरात एप्रिल २०२५ मध्ये कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर बुलडोझर चालले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाला ती वृक्षतोड थांबवावी लागली. पुरस्कार आणि बुलडोझर एकाच शहरात कसे नांदतात, याचे उत्तर मोजणीच्या रीतीत सापडते. उपग्रहाला छत दिसते. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक सावली असेल तर ती वनाच्छादनात मोजली जाते. झाड कोणते, किती वयाचे, त्याच्या बुंध्याला सिमेंटचा फास आहे का, पुढच्या वादळात ते उभे राहील का, हे या आकड्यात येत नाही. लागवडीला आकडा असतो, उद्घाटन असते, अंदाजपत्रकात रकाना असतो. निगेला यांपैकी काहीच नसते.

कोनोकार्पसचा प्रसंग याचे चांगले उदाहरण आहे. झटपट वाढतो, कमी पाण्यात हिरवा राहतो म्हणून हा परदेशी वृक्ष तेलंगणाच्या रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर लावला गेला. पुढे त्याच्या परागकणांविषयी आणि मुळांविषयी तक्रारी वाढल्यावर त्याची लागवड थांबवण्याचे आदेश निघाले. गुजरातनेही २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. ज्यांनी खड्डे खणून तो लावला, त्याच कामगारांवर तो काढण्याची वेळ आली. कोणते झाड लावावे, हे त्यांना दोन्ही वेळा कोणी विचारले नाही.

गरजेतून या शहरात वृक्ष हलवण्याचे कौशल्य मात्र वाढले, हेही मान्य केले पाहिजे. महामार्ग आणि मेट्रो यांच्या कामात तुटणारी झाडे पाहून कृषी शिक्षण घेतलेल्या रामचंद्र अप्पारी यांनी ‘ग्रीन मॉर्निंग हॉर्टिकल्चर सर्व्हिसेस’ ही कंपनी उभारली. ‘वटा फाउंडेशन’सारखी संस्था उन्मळलेले वृक्ष पुन्हा उभे करण्यासाठी ओळखली जाऊ लागली. राजन्ना सिरसिल्ला जिल्ह्यातील सुद्दाला गावचा सुमारे सत्तर वर्षांचा वड पावसात उन्मळून पडला होता. गावातील एका वृक्षप्रेमीने त्याला पाणी घालून जगवले आणि २०२२ मध्ये क्रेनने तो नव्या जागी उभा केला गेला. क्रेन येईपर्यंत तो जिवंत राहिला याचे श्रेय पाण्याच्या त्या फेऱ्यांना आहे.

कुऱ्हाडीपेक्षा चुकीची छाटणी घातक

वृक्षसेवकांच्या कामात पुनर्रोपण हा अपवाद. नित्याचे काम छाटणीचे. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादला वळवाचे वादळी पाऊस झोडपतात. त्याआधी वीज कंपनीची माणसे तारांना लागणाऱ्या फांद्या उतरवतात, महापालिकेची माणसे रस्त्यावर झुकलेल्या फांद्या उतरवतात, आणि तरीही झाडे पडतातच. मग रात्री-अपरात्री आपत्ती निवारण पथक यांत्रिक करवत घेऊन निघते. गोव्यात हेच काम वीज खाते आणि अग्निशामक दल करते. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर अग्निशामक दलाचे जवान दिवसरात्र पडलेली झाडे बाजूला करीत होते.

तारांसाठी केलेल्या छाटणीत बहुधा झाडाची एकच बाजू उतरते. तोल गेलेले झाड दुसऱ्या बाजूला वाढते, जड होते आणि पुढच्या वादळात नेमके तेच रस्त्यावर आडवे पडते. फांदी वरून एकाच घावात कापली की ती स्वतःच्या वजनाने तुटताना खोडाची साल ओरबाडत खाली येते. म्हणून प्रशिक्षित माणूस तीन घाव घालतो : पहिला खालून अर्धवट, दुसरा थोडा पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर तिसरा बुंध्याजवळ, पण फांदीच्या तळाशी असलेला फुगीर कडा राखून. हा कडाच झाडाची संरक्षक फळी असते. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमेच्या भोवती भिंती उभारते आणि सडणारा भाग आत कोंडून पुढे वाढते. कडाच कापला तर भिंत कमकुवत होते आणि सड खोडात शिरते. दहा वर्षांनी कोसळणाऱ्या वृक्षाचे कारण अनेकदा दहा वर्षांपूर्वीच्या दोन मिनिटांत असते.

बुंध्याभोवती ओतलेले सिमेंट हे दुसरे कारण. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तरीही देशभरच्या पदपथांवर झाडे गळ्यापर्यंत फरशीत बुडालेली दिसतात, आणि ती पडली की ‘जुने झाड कोसळले’ अशी बातमी होते.

वृद्ध वडाला सलाइन

निगा म्हणजे काय, हे पाहायचे तर हैदराबादपासून साधारण शंभर किलोमीटरवरील महबूबनगरला जावे लागते. तेथील ‘पिल्ललमर्री’ हा कित्येक शतके जुना वड काही एकरांवर पसरलेला आहे. वाळवीने पोखरल्यामुळे फांद्या कोसळू लागल्या, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये तो पर्यटकांसाठी बंद करावा लागला. वनखात्याने आधी भोके पाडून कीटकनाशक भरून पाहिले. ते बाहेर गळू लागले. मग रुग्णालयातील सलाइनच्या बाटल्यांप्रमाणे, पातळ केलेले कीटकनाशक थेंबाथेंबाने खोडात सोडण्याची युक्ती काढली गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये फांद्यांवर लटकणाऱ्या बाटल्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. जड फांद्यांना खालून खांबांचे टेकू दिले गेले, मुळांना खतमाती घातली गेली.

या उपचारातील युक्तीचे कौतुक झाले, पण खरी शिकवण निराळी आहे. एवढ्या मोठ्या वृक्षाचा बोगदे करणारा रोग एका दिवसात वाढत नाही. वर्षानुवर्षे पर्यटक फांद्यांवर बसत होते, मुळांभोवतीची माती तुडवली जात होती. नियमित तपासणी असती तर बाटल्या लटकवण्याची वेळ आली नसती. पालमूर या जुन्या नावाने ओळखला जाणारा हाच जिल्हा देशभरातल्या धरणांवर आणि कालव्यांवर मातीकाम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांसाठी प्रसिद्ध आहे. चर कसा खणावा आणि माती कशी तोलावी हे ज्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांच्या या कौशल्याला ‘अकुशल’ हाच शब्द शासकीय दरपत्रकात मिळत आला आहे.

परवाना झाडाला, माणसाला नाही

आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्था १९२४ पासून या पेशाचे शास्त्र घडवते आहे. अमेरिका आणि युरोपात झाडावर चढणाऱ्याला परीक्षा, प्रमाणपत्र, दोरखंड, शिरस्त्राण, विमा यांची सवय झाली आहे. भारतात असे प्रमाणित वृक्षतज्ज्ञ थोडे; मुंबईत वैभव राजे यांच्यासारख्या मोजक्यांनी हा पेशा म्हणून रुजवण्याचा प्रयत्न चालवला आहे. उरलेले काम ठेकेदाराने आणलेली माणसे करतात. अनवाणी चढणे, कमरेला साधी दोरी, एका हातात कोयता, वर आग्यामोहोळ, शेजारी विजेची तार. यांत्रिक करवत उसळून अंगावर येऊ शकते, हे अनेकांना ती हाती पडल्यावरच कळते.

कायदे यावर गप्प आहेत. गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा, महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष कायदा, तेलंगणात लागू असलेला २००२ चा जल, भूमी व वृक्ष कायदा, या सर्वांचा भर झाड तोडण्याची परवानगी आणि बदली लागवड यांवर आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ ठरवले, हे पाऊल पुढचे खरे. पण त्या वारसा वृक्षाला करवत लावणारा माणूस कोण असावा, याविषयी कोणताही दंडक नाही. तोडायला परवाना लागतो. बिघडवायला लागत नाही.

गोव्याने काय घ्यावे

गोव्याकडे या पेशाची स्वतःची परंपरा आहे. माडावर चढणारा पाडेली आणि सूर काढणारा रेंदेर हे इथले पहिले वृक्षसेवक. माडाचा शेंडा निरोगी आहे की सोंड्या किड्याने पोखरला आहे, हे पाडेल्याला वर चढताच कळते. आज पाडेली मिळत नाही म्हणून नारळ झाडावरच वाळतात, आणि रेंदेराचा मुलगा हा व्यवसाय पत्करत नाही. २०१६ मध्ये माड ‘वृक्ष’ आहे की नाही यावर राज्यभर वाद रंगला, पुढे त्याला राज्यवृक्षाचा मानही मिळाला; माडावर चढणाऱ्याला मात्र त्या वादात जागा नव्हती. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राच्या साह्याने माडावर चढणाऱ्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण दिले. गोव्यासारख्या लहान राज्यात पाडेली, वनरक्षक, वीज खात्याचे कर्मचारी आणि अग्निशामक जवान यांतून प्रत्येक तालुक्याला एक प्रशिक्षित पथक उभे करणे अशक्य नाही.

पुनर्रोपणाच्या बाबतीत तीन अटी निविदेतच घालाव्या लागतील. पहिली, झाड नव्या खड्ड्यात उतरले की सगळे पैसे द्यायचे नाहीत. मोठा वाटा तीन पावसाळे पूर्ण झाल्यावर, झाड जिवंत असल्याची पाहणी करून द्यायचा. दुसरी, हलवलेल्या प्रत्येक झाडाची जात, खोडाचा घेर, जुनी-नवी जागा आणि दर तिमाहीची स्थिती लोकांना पाहता येईल अशी नोंदवहीत ठेवायची. खाप्रेश्वराचा वड असो, की हरमलला २०२१ च्या पावसात उन्मळून पडल्यावर नागरिकांनी खटपटीने पुन्हा उभा केलेला वड असो, त्यांच्या प्रकृतीची बातमी केवळ उत्सुक वाटसरूच्या मोबाइलवर अवलंबून राहू नये. तिसरी, कामगारांचा विमा आणि सुरक्षासाहित्य यांचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवायचा, म्हणजे सर्वांत कमी दराच्या हव्यासात तो आधी कापला जाणार नाही.

या अटींमुळे पुनर्रोपण महाग होईल, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि त्यातच त्यांचा उपयोग आहे. आज झाड हलवणे कागदावर स्वस्त दिसते, कारण मेलेल्या झाडाची किंमत कोणाच्याच खात्यात पडत नाही. खरा खर्च समोर आला, तर आखणी करणारा अभियंता रस्ता चार मीटर सरकवता येईल का, याचा विचार आधी करील. चेवेल्लाच्या तोडग्यात बहुसंख्य वड जागेवरच राहिले ते याच मार्गाने. ज्या चिंचेला किंवा मोहाला हलवून वाचवता येणार नाही, तिथे तज्ज्ञाने ‘हे झाड जगणार नाही’ असे स्पष्ट सांगण्याची मुभाही हवी. मग तोडायचे की राखायचे, हा निर्णय पुनर्रोपणाच्या आडोशाशिवाय, उघडपणे घ्यावा लागेल.

मिर्झागुड्याच्या मृतांचा विसर पडू देऊन झाडांची बाजू मांडता येणार नाही. अरुंद रस्त्यावर रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्याचा रस्त्यावर हक्क आहेच. रस्ता व्हावा, सुरक्षित व्हावा, वेळेत व्हावा. त्याबरोबर जी झाडे नव्या जागी नेली जातील, त्यांच्यासाठी पाण्याचा टँकर कोण पाठवणार, त्याचे देयक कोणत्या खात्यातून निघणार आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पाहणीला कोण जाणार, हे क्रेन येण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. गोव्यात पुढच्या महामार्गाची निविदा निघेल तेव्हा तिची ही पाने आधी वाचावीत.